एका ओळीचा तक्ता

"सर, आजच्यापुरतीच आलेय," म्हणत श्यामलानं पेढ्यांचा पुडा पुढे केला. तिला बंगळूरला नोकरी लागली होती. दीनानाथ सरांनी पेढा तोंडात टाकला, तिचं तोंडभरून कौतुक केलं. 

मंडईजवळच्या त्या कॉम्प्युटर क्लासात डेटाबेस शिकणारी ती एकटीच उरली होती. बाकीची पोरं आता मोबाइलवरच शिकतात. खडूनं हात पांढरे करून घेणारा मास्तर त्यांना हवाय कशाला? आणि साठीला टेकलेल्या माणसाला दुसरीकडे कोण दारात उभं करणार, हेही सरांना पक्कं ठाऊक होतं.

"जाता जाता एक विचारू? ते नॉर्मल फॉर्म, तक्ते फोडायचे नियम, अजून डोक्यात शिरत नाहीत. सगळं एका तक्त्यात मावतंय, तर त्याचे तुकडे कशाला पाडायचे?"

"क्लास संपताना शंका आली. प्रगती आहे." सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले. विद्यार्थी, विषय, शिक्षक. खाली एकच ओळ लिहिली: श्यामला, डेटाबेस, दीनानाथ.

"आपल्या क्लासात शिक्षकाची नोंद एवढीच. विद्यार्थ्याच्या ओळीत. तू निघालीस ना, मग तुझी ओळ पूस बघू."

श्यामला डस्टर घेऊन पुढे झाली आणि तिचा हात थबकला. इतके दिवस न कळलेलं तिला एकदम कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

"म्हणजे सर, मी गेले की तुम्हीपण..."

"क्लासचे मालक कालच म्हणाले, विद्यार्थी नसेल तर मास्तर काय देव्हाऱ्यात बसवू?" सर हसल्यासारखं करत म्हणाले. "शिक्षकांचा तक्ता वेगळा असता, तर तू गेल्यावरही माझं नाव राहिलं असतं. म्हणून तुकडे पाडायचे. लक्षात ठेव, नोकरीत उपयोगी पडेल."

श्यामलानं फक्त स्वतःचं नाव पुसलं. सरांचं तसंच राहू देऊन तिनं डस्टर टेबलावर ठेवला आणि ती मागे सरकली.

त्या रिकाम्या चौकटीकडे बघताना सरांना भडभडून आलं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सुधारलेल्या माणसाला ही चूकसुद्धा बघवेना.

"असं चालत नाही, श्यामला. ओळ ओळखायची ती विद्यार्थ्याच्या नावावरून. ती जागा रिकामी ठेवता येत नाही." त्यांनी डस्टर पुन्हा तिच्या हातात दिला. "सगळी पूस."