बाहेर उघडणारं दार

शेवटचा स्क्रू काही केल्या बसेना. शहरभर दारं बसवत फिरणाऱ्या मिस्त्रीचा हात आज स्वतःच्याच दारावर चालत नव्हता.

"वा बाबा! लोकांना धडे आणि घरात कुलूप?" लेकीने दप्तर टाकता टाकता टोमणा मारला. "तुम्हीच म्हणता ना, बाहेर पडायच्या दाराला आतून किल्ली लागता कामा नये? नुसती आडवी पट्टी हवी. अंग टेकलं, की दार उघडलं!"

"आगीचं वेगळं, आजीचं वेगळं," मिस्त्री पुटपुटला.

वेगळं कुठलं! त्याची ताई शिलाईच्या कारखान्यातल्या आगीत गेली होती. कापड चोरीला जाऊ नये म्हणून तिथला मुकादम दाराला बाहेरून कुलूप ठोकायचा. तिथेच कामाला असलेली आई तेवढी पाणी भरायला बाहेर आली होती, म्हणून वाचली. तेव्हापासून मिस्त्रीने शाळा, दवाखाने, नाट्यगृहं पालथी घालून कुलपं उतरवली. घराचं दारसुद्धा हट्टाने बाहेर उघडणारं करून घेतलं. शेजारी हसायचे. "काय मिस्त्री, पाहुण्याचं नाक फोडायचा बेत आहे की काय?" हसू देत, तो म्हणायचा.

पण आता आईला कुणाचीच ओळख राहिली नव्हती. जरा नजर चुकली, की ती अनवाणी निघायची. काल तर भर रस्त्यात सापडली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोरीचं तोंड न्याहाळत होती, आणि करकचून ब्रेक दाबलेला ट्रकवाला शिव्या घालत होता.

म्हणून कुलूप. मिस्त्रीने किल्ली फिरवली. खट्!

त्या आवाजासरशी आई आतल्या खोलीतून धावत आली आणि दोन्ही तळहातांनी दार बडवू लागली.

"आई, अगं ऐक माझं. बाहेर नाही जायचं."

"बाहेर?" ती त्याच्यावर खेकसली. "मी बाहेरच आहे हो, मुकादम! माझी पोर आत आहे. उघडा!"

मिस्त्रीने किल्ली उलटी फिरवली.

"ढकल, आई."

दार उघडलं. जिना रिकामा होता. आईने उंबऱ्याबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही. एका हाताने दार धरून ती चौकटीला अंग चोरून उभी राहिली, आतल्या पोरींना वाट मोकळी करून देत.