चांदीनं पास केलेलं झाड

बायडाबाईच्या अंगणात कोणतं झाड लावायचं, हे चांदी ठरवायची. चांदी म्हणजे घरातली सगळ्यात म्हातारी शेळी. नवं रोप आलं की बायडाबाई त्याचं एक पान तिच्या तोंडापुढं धरायची. चांदीनं तोंड फिरवलं, तर रोप विषारी. ते दारातूनच परत जायचं. तिनं पान खाल्लं, तर लावायला मोकळीक. फक्त एकदा चव कळली की चांदी पुढं ते रोप मुळापर्यंत संपवायची. त्यामुळं चौसाळ्याजवळच्या त्या वस्तीवर, एका जुन्या कडुनिंबाशिवाय अंगणात काहीच उरलं नव्हतं.

आज तिच्या लेकानं, सोमनाथनं रोप आणलं होतं, तेही थेट कोकणातून. तो तिकडच्या डेपोत एसटीवर ड्रायव्हर. त्याला चार वर्षं झाली, इकडं बदलीचा अर्ज देऊन दोन. दोन दिवसांची सुट्टी काढून आला आणि पिशवी टेकवायच्या आधी त्यानं रोप मोरीजवळच्या ओल्या जागेत ठेवलं.

"ह्ये काय आणलंस रं?" बायडाबाईनं विचारलं.

"बिलिंबी. तिकडं दारोदार हाय, माय. खोडालाच लटकतेत फळं. माशाच्या कालवणात टाकतेत." त्यानं खिशातून बोटाएवढी हिरवी फळं काढली. "खाऊन तर बघ."

बायडाबाईनं चावा घेतला. तिचा एक डोळा आपोआप मिटला आणि बराच वेळ उघडेना. तिची सून संगीता पदर तोंडाला लावून हसली. मग तेच अर्धं फळ घेऊन तिनं तांब्याच्या हंड्यावर घासलं. घासलं तेवढा भाग लखलखला.

"आत्याबाई, बघा तरी! चिंचंपरीस भारी हाय."

"मंग भांडी घासायला झाड लावायचं का आता?"

खरं तर बायडाबाईचं फळाशी काही वाकडं नव्हतं. तिला भीती वाटत होती. मागच्या खेपेला सोमनाथनं भाकरी बाजूला सारून भात मागितला होता. आता झाडच घेऊन आला. पुढच्या खेपेला म्हणेल, तिकडं दोन खोल्या बघितल्यात, संगीताला नेतो. मग आपण आणि शेळ्या, बसा एकमेकींची तोंडं बघत. पण हे बोलणार कसं? वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

"इथं जगायचं न्हाई ते. तिकडं चार महिने धो धो पाऊस. हितं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावं लागतंय. पाणी कोण पाजंल?"

"मोरीचं पाणी वाहूनच जातंय की," संगीता म्हणाली. "मी बघन त्याच्याकडं."

"कवा येतेत फळं?" बायडाबाईनं विचारलं.

"तीन वर्सं," सोमनाथ म्हणाला. "लई तर चार."

"मंग कावून एवढ्या लांब आणलंस? लाव की तिकडंच दारात. नाहीतरी तू तिकडचाच झालास."

बोलायचं नव्हतं, पण गेलं तोंडून. संगीतानं हंडा घासायचा थांबवला.

सोमनाथ चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिला. "तिकडं लावून काय करू, माय?" तो हळूच म्हणाला. "तिकडं लावलं, तर फळं दुसरीच खातील. तवर मी हितं आलेलो असंन."

बायडाबाईचे डोळे भरून आले, तर तिनं ते बिलिंबीच्या आंबटपणावर ढकलले. "चांदीला तर दाखवू," म्हणत ती वळली.

चांदी मात्र कुणी बोलवायची वाट बघत थांबली नव्हती. दावं सोडवून ती कधीच मोरीजवळ पोचली होती. रोपाच्या पिशवीत नुसती वीतभर काडी उरली होती, आणि चांदी डोळे मिटून निवांत चावत उभी होती.

संगीता ओरडत धावली. सोमनाथ मटकन पायरीवर बसला. अख्ख्या प्रवासात त्यानं ते रोप मांडीवर धरलं होतं. याचं अर्धं तिकीट फाडू का, म्हणून कंडक्टरनं चेष्टाही केली होती.

बायडाबाई वाकली. काडीला तिनं नख लावलं. सालीखाली ती हिरवीगार होती.

"उठ रं सोम्या, तोंड नको पाडू. मूळ जितं हाय. शेंडा खाल्लेलं झाड दोन फांद्यांनी फुटतंय." मग तिनं चांदीच्या पाठीवर थाप मारली. "आन् हिनं एक पान सोडलं न्हाई. आजवर एवढं कुठलंच झाड पास झालं नव्हतं."

दुपारी मोरीच्या कडेला खड्डा झाला. त्यात लेंडीखत पडलं, काडी उभी राहिली. आणि आजवर कुठल्याच रोपाला जे मिळालं नव्हतं ते या काडीला मिळालं. बायडाबाईनं स्वतः बाभळीच्या फांद्या ओढून आणल्या आणि भोवती काट्याचं कुंपण घातलं. हात ओरबाडले, तरी कुणाला हात लावू दिला नाही. खाली एका बाजूला फट राहिली होती. संगीता तिथं काटा खुपसायला गेली, तर बायडाबाईनं तिला अडवलं.

"ऱ्हाऊ दे. सोम्या, हात घाल बरं ह्यातून."

"कशाला?"

"घाल म्हन्ते ना."

सोमनाथ उकिडवा बसला. काटे चुकवत त्यानं हात आत सरकवला. बोटं काडीला लागली.

बायडाबाईनं चांदीला कानाला धरून आणलं आणि तिचं तोंड फटीपुढं केलं. चांदीनं जोर लावला, शिंगं अडली, नाकाला काटा टोचला तशी ती फुरफुरत मागं सरली.

"बास. फट एवढीच ठेवू, तुझा हात जाईल आन् हिचं तोंड न्हाई," बायडाबाई म्हणाली. "फळं खोडाला लागतेत म्हन्लास न्हवं?"