हाफ क्लच

"पहिला गिअर पडला," कुंपणाला टेकून उभा असलेला ड्रायव्हर म्हणाला.

शेजारच्या मेकॅनिकने मान डोलावली. मग मान डोलावून भागणार नाही हे लक्षात येऊन तोंडाने म्हणाला, "हो काका. निघाल्या काकू."

ड्रायव्हरने बत्तीस वर्षं ट्रक चालवले होते. मधुमेहाने दोन वर्षांत त्याचे दोन्ही डोळे नेले. आज लायसन्सच्या टेस्टच्या मैदानात त्याची गाडी त्याच्या बायकोच्या हातात होती. तिचं वय छप्पन्न, आणि टेस्ट तिसरी. आधीच्या दोन्ही वेळा चढावर गाडी बंद पडली होती.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने हात टेकले. नवऱ्याला घेऊन आठवड्यातून दोनदा हॉस्पिटल गाठायचं, आणि दर वेळी मेकॅनिकला काम टाकून यायला लावायचं, हे तिच्या जिवावर यायचं. मग ड्रायव्हरनेच शिकवणी हाती घेतली. स्वयंपाकघरात तीन विटा मांडल्या, क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर, आणि हातात स्टीलचं ताट दिलं. संध्याकाळी मेकॅनिक गाडी मोकळ्या मैदानावर आणून द्यायचा आणि जीव मुठीत धरून मागे बसायचा. रिकामे डबे उभे करून ती आठचा आकडा काढायची. अकरा डबे चेपले. ड्रायव्हर सगळं कानाने जोखायचा. इंजिनाचा आवाज जरा खाली बसला की समज क्लचने धरलं, तिथेच पाय थांबव, तोच हाफ क्लच, असं तो सांगायचा. चिडला की म्हणायचा, स्टिअरिंग आहे ते, जातं नाही. ती खाली उतरायची. पुन्हा डबे उभे करायची.

आता त्याला चाकांखालची खडी ऐकू येत होती. आठचा पहिला फेरा, दुसरा फेरा. कुठेही ब्रेक लागला नाही. मग रिव्हर्सचा बारीक, किणकिणता आवाज. दोन खांबांच्या मध्ये गाडी मागे घ्यायची होती. आवाज थांबला.

"बसली?"

"एका दमात बसली."

ड्रायव्हरने कुंपणाची तार घट्ट धरली. आता चढ.

गाडी चढाला लागली, अर्ध्यावर थांबली. परीक्षा घेणारे साहेब शेजारच्या सीटवर बसले होते; थांबवायला त्यांनीच सांगितलं असणार. आता हँडब्रेक, हाफ क्लच, थोडा गॅस. ड्रायव्हरचा डावा पाय नकळत जमिनीवर दाबला गेला. पण इंजिनाचा आवाज खाली बसलाच नाही. त्याऐवजी लांबलचक हॉर्न वाजला, आणि त्यात पुन्हा तो रिव्हर्सचा किणकिणाट.

"काकू मागे येताहेत," मेकॅनिकचा आवाज चढला.

 घसरली. तिसऱ्यांदा गेली. ती उतरून येईल तेव्हा काय बोलायचं ते तो मनात जुळवू लागला. लोक चार वेळाही देतात टेस्ट. आपण घाई केली.

"घसरली ना?"

मेकॅनिक कुंपणावरून वाकून बघत होता. मग सावकाश म्हणाला, "घसरली नाही काका. मागे घेतली."

वर आधीच्या उमेदवाराची पांढरी गाडी थांबलेली होती. तिच्या चालकाचा पाय ब्रेकवरून सुटला आणि गाडी उलटी खाली येऊ लागली. काकूंनी हॉर्न दाबला, आरशात पाहिलं, मागे मोकळं होतं, आणि आपली गाडी सरळ रेषेत खाली आणली. दोन्ही गाड्यांमध्ये शेवटपर्यंत हातभर अंतर होतं. पांढऱ्या गाडीवाल्याला हँडब्रेक सापडेपर्यंत ते तेवढंच राहिलं. मेकॅनिकने हे सगळं सांगितलं आणि रुमालाने मान पुसली.

"साहेब काय करताहेत?"

"काही नाही. पांढरी गाडी पुढे गेली, आता वर बोट दाखवताहेत. पुन्हा चढ म्हणताहेत."

ड्रायव्हर कान देऊन उभा राहिला. इंजिन गुरगुरेल, क्लच करकरेल, काहीतरी ऐकू येईल. काहीच आलं नाही.

"थांबली का अर्ध्यावर?" न राहवून त्याने विचारलं.

"थांबली. आणि गेलीसुद्धा."

बत्तीस वर्षांचा त्याचा कान, पण गाडी कधी उचलली ते त्याला कळलं नव्हतं.

ती पास झाल्याचा कागद घेऊन आली.  त्याने तिचे हात हातात घेतले आणि विचारलं, चढावरून असं मागे यायला तुला कोणी शिकवलं?

"शिकायला वेळ कुठे होता?" ती म्हणाली. "तो वरून येत होता."

घरी जाताना मेकॅनिक मागे बसला, ड्रायव्हर तिच्या शेजारी. पहिला चौक आला. उजवीकडे बघ, असं तो म्हणणार, तोवर तिने बघून वळण घेतलंही होतं. पुलावर त्याने पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना तो आयुष्यात कधी झोपला नव्हता. लांब पल्ल्याला जोडीचा ड्रायव्हर गाडी चालवायचा तेव्हाही हा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत राहायचा.

सिग्नलला गाडी थांबली. मेकॅनिक काहीतरी बोलायला पुढे वाकला. तिने आरशातूनच त्याला बोटाने गप्प राहायची खूण केली. ड्रायव्हरची मान खिडकीच्या काचेला टेकली होती आणि दोन्ही पाय सैल पसरले होते.

हिरवा दिवा लागला. तिने गाडी इतकी अलगद उचलली, की त्याची मान हललीसुद्धा नाही.