कॉम्प्युटरची बाई

“ती बाईच न्हाय, मामा! कॉम्प्युटरनं केलेली हाय!” शंभुलिंगानं सासऱ्यापुढं हात जोडले.

तेरखेड्याला सासऱ्याच्या ओसरीवर बैठक बसली होती. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये नको ते व्हिडिओ सापडले म्हणून दैवशाला महिन्यापूर्वी माहेरी निघून आली होती. तिला परत नांदायला न्यायला शंभुलिंग तामलवाडीहून आला होता. सोबत मध्यस्थ म्हणून चुलतभाऊ वीरभद्र. घरी दोघंच राजाराणी, त्यामुळं महिनाभर हातानं भाकरी थापून शंभुलिंग पार उतरला होता. बायकोवर जीवही होता बिचाऱ्याचा, फक्त अक्कल कमी.

वीरभद्र खूश झाला. “मग भांडण कशाचं? बाईच न्हाय म्हणल्यावर पाप कुणासंगं?” मग तो हळूच भावाच्या कानाशी लागला. “पण खोट्या बाईत बघायचं काय असतंय रं?”

दैवशाला दारातूनच कडाडली, “खोटी असली तर आत्ता येते. खरी असली तर पुन्हा माझ्या दारात उभं ऱ्हायचं न्हाय!”

आता ठरवायचं कुणी? सगळ्यांनी रेवणप्पांकडं, म्हणजे तिच्या वडिलांकडं पाहिलं. त्यांचा गावात दरारा होता. मोबाइलनं पिढी नासली, यावर ते देवळात तास तास बोलत. त्यांनी चष्मा चढवला, जावयाचा मोबाइल घेतला, आवाज बंद करायला लावला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. काम जबाबदारीचं होतं. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

“कुणाला शेंडी लावताय, पाव्हणं?” ते गरजले. “ही खरी हाय! कॉम्प्युटरच्या बाईच्या बांगड्या मनगटात घुसतात. बोटं कवा पाच, कवा सहा. केस बघावं तर डोक्याला चिकटवल्यावानी. आन् हिला तर म्या चांगलं वळखतो. हिचा तो दुसरा हाय न्हाय का, हिरव्या पडद्याचा, त्यात...”

रेवणप्पा थांबले. थोडा उशीरच झाला होता.

वीरभद्र छताचे वासे मोजू लागला. दैवशालानं आईकडं पाहिलं. इरम्मानं चहाचा ट्रे जमिनीवर ठेवला आणि ती आत गेली. चाळीस वर्षं ती या माणसाला देवमाणूस समजत आली होती. बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

“जावईबापू, घराची चावी द्या.”

शंभुलिंगाला हायसं वाटलं. त्यानं खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली. “म्हंजी दैवशाला येतीया, मामी?”

“येतीया की. आमी मायलेकी चाललो तामलवाडीला. तुमी ऱ्हावा हितं, मामांजवळ.”