उसना दिवा

“अगं, जरा तुझ्याकडे फिरव तो. माझ्या डोळ्यांत येतोय.”

“डोळ्यांत यायलाच हवा, बाबा. त्यासाठीच तर आणलाय.”

“भिंतीवरून येतो तेवढा पुरे मला. तू वाच.”

वडिलांनी दिवा स्वतःच फिरवला आणि कानटोपी भुवयांपर्यंत ओढली. सकाळचे सात वाजले होते. खिडकीबाहेर तीन आठवडे पसरलेला तोच राखाडी रंग होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मात्र पाटीएवढा पांढराशुभ्र चौकोन लखलखत होता. तिनं पेपर उघडला.

“बाजारभाव नकोत. निधनवार्ता वाच. आपल्यातलं कोण उरलंय ते तरी कळू दे.”

“बाबा!”

“बरं, मग राशिभविष्य वाच. तेही तसंच असतं.”

ती हसली. दिवा घरी आल्यापासून त्यांची थट्टामस्करी वाढली होती. गुण येतोय, असं तिनं मनाशी धरलं होतं.

हिवाळ्यातल्या उदासीवर उपचार म्हणून मिळणाऱ्या त्या दिव्यांची किंमत दिवाळं निघेल अशी होती. हिवाळ्याच्या तोंडावर वडिलांनी शिवणयंत्र झाकून ठेवलं आणि म्हणाले, “मन लागत नाही गं. दिवस लहान झाले की असंच होतं. मागच्या वर्षीही झालं होतं.” ती चपापली. मागच्या हिवाळ्यात तिचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्या अपराधीपणापोटी ती दुकानंच्या दुकानं पालथी घालत सुटली. चांगला दिवा परवडेना, आणि परवडणारा दिवा पाळण्याशेजारी ठेवावा इतका मिणमिणता निघाला. कोपऱ्यावरचा वायरमन म्हणाला, एका पेटीत चार ट्यूबलाइट ठोकून देतो. त्यावर वडील म्हणाले, “मला काय अंडी उबवायचीत?”

शेवटी वाट त्यांनीच शोधली. धर्मादाय दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरबाई हिवाळ्यापुरता दिवा उसना देत, फुकट. तिनं बरोबर यायची तयारी दाखवली, तर म्हणाले, “असल्या ठिकाणी मुलीला कुठं नेऊ? लाज वाटते.” एकटेच गेले आणि कापडात गुंडाळलेला दिवा बगलेत मारून आले. रोज अर्धा तास, उठल्या उठल्या, हातभर अंतरावर. “आणि एकट्यानं बसायचं नाही, असं सांगितलंय बाईंनी.” हे कुठल्या वैद्यकात बसतं, ते तिनं विचारलं नाही. उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहायची तिची सवय त्या अर्ध्या तासानं मोडली, एवढंच.

“हा कुर्ता दंडात आवळतोय तुला,” वडील कानटोपीखालून तिच्याकडे बघत म्हणाले. “संध्याकाळी दे, सैल करतो. मागच्या हिवाळ्यात दोनदा आत घेतला होता.”

“शिंप्याची नजर!” म्हणत ती उठली. “आज दहाच मिनिटं हं. छापखान्यात जाहिरातींची पानं लवकर जायचीत. तुम्ही मात्र अर्धा तास पुरा करा. डोळे मिटायचे नाहीत.”

“पळ, पळ. मी कुठं जातोय?”

ती दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरली. फाटकापाशी पोचल्यावर वरून हाक आली, “अगं, डबा!”

दुसऱ्या दिवशी तिला जाग आली तेव्हा टेबलाजवळची खुर्ची रिकामी होती आणि दारामागच्या खुंटीवर पिशवी नव्हती. बाहेर दाट धुकं होतं. ट्रकवाला रडत सांगत होता, आजोबा सरळ समोरच आले हो. पोलिसांनी ‘अपघाती मृत्यू’ असं लिहिलं.

तिचा त्यावर विश्वास बसला नाही. मन लागत नाही, असं म्हणणारा माणूस, त्याला आदल्या दिवशी तिनं फक्त दहा मिनिटं दिली होती. उरलेली वीस मिनिटं तो एकटा काय विचार करत बसला असेल?

तीन आठवड्यांनी तिनं दिवा त्याच कापडात बांधला. आत्या म्हणाली, “राहू दे की हिवाळा सरेपर्यंत. तुझ्या चेहऱ्यावर तजेला आला होता त्यानं.”

“आजारी ते होते, आत्या.”

डॉक्टरबाईंनी दिवा कपाटात ठेवला आणि तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

“एकच विचारायचंय. मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नका. बाबा मुद्दाम गेले का ट्रकसमोर?”

बाईंनी टेबलाचा खण उघडला.

“तुमचे वडील माझे पेशंट नव्हते.”

“असं कसं? रोज बसायचे ते. मी स्वतः बसवायची त्यांना.”

बाईंनी एक कार्ड तिच्यासमोर सरकवलं. त्यावर नाव तिचं होतं. वय तिचं, छापखान्यातली नोकरी तिची. खाली वडिलांच्या जाड, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मागच्या हिवाळ्यात जेवत नव्हती. रात्रभर जागी. विचारलं तर हसते. इथं यायची नाही. मी आजारी पडलो तर उठेल.’

“पेशंटला बघितल्याशिवाय मी दिवा देत नाही,” बाई म्हणाल्या. “पण ते चार वेळा आले. शेवटी दिला. आणि अपघाताच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, ‘आज पोरगी दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. आता तिला खरं सांगू का?’ मी म्हटलं, सांगा. तर म्हणाले, ‘उद्या सकाळी, ती उठायच्या आत बेकरीतून काहीतरी गोड आणतो आणि सांगतो.’”

दाराबाहेर कुणीतरी पुढच्या पेशंटला हाक मारली. ती समोरच्या खुर्चीवर बसली. कार्डावरच्या त्या अक्षरांवर तिनं तळहात ठेवला आणि खोलीत ते समोर बसले असावेत तशी, मोठ्यानं म्हणाली,

“बाबा, मागच्या हिवाळ्यात मला मरायचं होतं.”