पाठ केलेली पावलं

दोन कंपन्या एक झाल्या आणि आठवडाभरात आमच्या सुपरमार्केटची पाटी, भिंतींचे रंग, दिवे सगळं बदललं. काउंटरवर मी मात्र जुनीच राहिले.

पहिल्याच सकाळी काका काठी टेकत आले. त्यांना दिसत नाही, तरी बारा वर्षं ते एकटेच सामान घेऊन जायचे. दारापासून नऊ पावलांवर चहा, तिथून उजवीकडे चार पावलांवर साखर. कुणाला विचारायची गरजच नसे. आज नऊ पावलं चालून त्यांनी हात पुढे केला, तर हाताला शोभेच्या झाडाचं प्लास्टिकचं पान लागलं.

मी काउंटर सोडून धावले. "काका, काय हवंय ते सांगा, मी काढून देते."

"नको गं पोरी. नुसतं कुठे काय ठेवलंय ते दाखव. मी पाठ करतो."

त्यांचा हात धरून मी अख्खं दुकान फिरवलं. ते प्रत्येक वळणावर पावलं मोजत होते, ओठातल्या ओठात घोकत होते, चुकलं की पुन्हा दारापासून सुरुवात करत होते. तासाभराने ते एकटे गेले आणि साखरेचा पुडा घेऊन परत आले. कपाळावर घाम होता, पण चेहरा फुलला होता.

"जमलं बघ. आता पुढची बारा वर्षं चिंता नाही."

दर महिन्याला मांडणी बदलायची, हा नव्या कंपनीचा नियम मॅनेजरांनी आम्हाला सकाळीच वाचून दाखवला होता. तो काही मला काकांना सांगवला नाही.