पदरातली किल्ली

नागोयातल्या प्रयोगशाळेत गुरुनाथचे व्होल्टेज मोजायचे दोन प्रोब तीन दिवस जुळत नव्हते. यंत्राचा झटका एकच, पण जुना प्रोब एक आकडा दाखवी आणि नवा दुसराच. आज जुळले नाहीत, तर काम दुसऱ्याच्या हाती जाणार होतं.

त्याच्या आई, हौसाबाई, कौतुकाने बघायला आल्या होत्या. जन्मभर जुन्नरच्या बाजारात तागडी धरलेली बाई. त्या म्हणाल्या, "एवढी बुकं शिकलास, पण पारडी बदलून बघायचं सुचलं नाही होय रे?"

गुरुनाथ चमकला. आत कोणी असताना यंत्र सुरू होऊ नये, या नियमाप्रमाणे त्याने यंत्राची एकुलती एक किल्ली काढून आईकडे दिली. त्या किल्लीशिवाय यंत्र चालत नसे. हौसाबाईंनी ती पदराच्या गाठीत बांधली. त्याने यंत्राभोवतीच्या जाळीआड जाऊन प्रोबच्या जागा बदलल्या.

बाहेर येतो तर पडद्यावर दोन्ही प्रोबच्या लाटा, अगदी एकीवर एक.

"आई, जुळलं गं!"

मागे उभे असलेले त्याचे साहेब मोरिता-सान हौसाबाईंपुढे कमरेत वाकले.

"मी शाळा शिकले असते, तर अख्खा जपान तोलून दिला असता," हौसाबाई म्हणाल्या.

गुरुनाथने हसत हात पुढे केला. "पुन्हा एकदा घेऊ. किल्ली दे."

हौसाबाईंनी पदर चाचपला. गाठ तशीच घट्ट होती. "माझ्याकडेच आहे की. मग मघाशी कशाने चालवलंस?"

पडद्यावर पुन्हा दोन लाटा उठल्या. तंतोतंत जुळलेल्या.